गाडी बाहेर, सीट आत

आमच्या मार्केटच्या रस्त्यावर गाड्या बंद होणार ही बातमी घरात मीच आणली, आणि तीही नाचत. आता वाटतं, जरा बसून, पप्पांचं जेवण होऊ देऊन सांगायला हवी होती. कारण त्याच रस्त्यावर पप्पांचं दुकान आहे, आणि दुकान कसलं, तर टू-व्हीलरच्या सीट कव्हरचं. म्हणजे ज्या रस्त्यावर एकही स्कूटर येणार नाही, त्या रस्त्यावर स्कूटरच्या सीटचे कपडे शिवणारा माणूस. मला हे तेव्हा सुचलंच नाही. मला एवढंच दिसत होतं की आता रस्त्याच्या मधोमध, अगदी मधोमध, पाणीपुरी खात चालता येणार.

तुम्ही आमचा रस्ता बघितला नसेल म्हणून सांगते. वसईत मार्केटला लागूनच आहे. एका बाजूला होळी गावाहून येणाऱ्या भाजीवाल्या, त्यांच्या वेलची केळी, अळू, माठ. दुसऱ्या बाजूला मासेवाल्या. आणि मधे जी काही फूटभर जागा उरते तिच्यात स्कूटर, रिक्षा, कोबीचा टेम्पो, आणि रविवारी राजोडीला समुद्रावर चाललेली बाईकवाली पोरं, जी काकडी घ्यायला बाईक बंद न करता थांबतात. इथे चालणं म्हणजे गाड्यांचे आरसे चुकवणं. माझं डावं कोपर आरसा लागून इतक्यांदा सुजलंय की डॉक्टर विचारतात, "परत मार्केट का?"

तर पालिकेने ठरवलं की काही आठवडे प्रयोग करून बघायचा. रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी. लोकांना आवडलं तर कायमचं, नाही आवडलं तर परत आरसे. आमच्या कॉलेजातून स्वयंसेवक मागितले तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर. हिरवी टोपी मिळाली आणि शिट्टी. शिट्टीचा आवाज असा की मी पहिल्यांदा वाजवली आणि स्वतःच दचकले.

पप्पा त्या दिवसापासून माझ्याशी डायरेक्ट बोलेनात. जेवताना आईला सांगायचे, "शिट्टीवाल्या बाईंना विचार, आमटी सरकवणार का, की तिथे पण नो एन्ट्री?"

"पप्पा, अहो सगळ्यांच्याच फायद्याचं आहे."

"हिला सांग, सगळ्यांमध्ये हिचा बाप पण येतो."

आणि पुढे जे बोलले ते मात्र चेष्टेत नव्हतं. हा प्रयोग जमला आणि रस्ता कायमचा बंद झाला तर दुकान हायवेला न्यावं लागेल, वसई फाट्याला. दुसरा इलाज नाही. आणि हायवेला गेलं की दुपारी घरी जेवायला येणं बंद. आमचं घर दुकानापासून इतकं जवळ आहे की आई गॅलरीतून "पोळ्या टाकू का" असं ओरडते आणि खालचा भाजीवाला उत्तर देतो, "टाका, निघालेत." हे सगळं जाणार. मी आमटी सरकवली.

आता बोर्डांची गोष्ट. सगळी गंमत बोर्डांनीच केली.

पहिला बोर्ड आला, 'पादचारी मार्ग'. शब्द बरोबर आहे, पुस्तकात आहे, मान्य आहे. पण तो लावला शाळेच्या गेटसमोर. शाळा सुटली, पाचवीच्या पोरांनी वर बघितलं आणि हसून हसून रस्त्यावर लोळायचीच बाकी राहिली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कुठल्या तरी क्लासचं पत्रक आणून बरोब्बर 'चारी'वर चिकटवलं. उरलं 'पाद मार्ग'. दुपारपर्यंत अख्खं मार्केट नाक धरून त्या बोर्डाखालून जात होतं, मोठे मोठे लोकसुद्धा. कोपऱ्यावर राजोडीची एक मासेवाली मावशी बसते, ती मला म्हणाली, "बाय, आदी लोक माज्या पाटीजवल आल्यावर नाक धरायचे. आता लांबूनच धरून येतान. कोन घेनार म्हावरा?"

हा सगळा प्रयोग पालिकेतल्या एका तरुण साहेबांकडे होता. बिचारे सज्जन. आपली बाईक लांब लावून, हेल्मेट काखेत घेऊन चालत यायचे आणि ते हेल्मेट दिवसभर सांभाळत फिरायचे. त्यांनी बोर्ड बघितला, हसू दाबलं आणि म्हणाले, "शब्द बदलू. सोपा टाकू."

सोपा शब्द होता 'वाहनमुक्त रस्ता'.

खरं सांगते, त्या दिवशी जेवढ्या गाड्या आमच्या रस्त्यावर आल्या तेवढ्या गणपतीत पण येत नाहीत. मी आडवी उभी, शिट्टी वाजवून वाजवून कान बधिर, आणि समोर माणसं शांतपणे स्टॅण्ड लावून गाड्या उभ्या करतायत. एक भैया तर गाडीला कव्हर घालत होता, म्हणजे मुक्कामाच्या तयारीने आलेला.

"अहो, गाडी काढा, इथे गाड्या बंद आहेत!"

"मैडम, बोर्ड पढ़ो ना. वाहन मुफ्त. पार्किंग फ्री कर दिया है."

"मुफ्त नाही, मुक्त! मुक्त!"

"वही तो."

बरं, हिंदीवाल्यांचं समजू शकते. पण एक आपलेच मराठी काका, शर्ट इन केलेला, खिशाला पेन, ते माझ्याशी व्याकरणावरून भांडले. म्हणे, "मुक्त म्हणजे मोकळा. रस्ता कोणाला मोकळा? वाहनांना."

मी म्हटलं, "काका, कर्जमुक्त म्हणजे काय? कर्ज नाही. तसं वाहन नाही."

"आणि मुक्त विद्यापीठ? तिथे विद्यापीठ नाही का? उलट कोणीही या, असं आहे ना?"

याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर कळवा. मागून पप्पांचा आवाज आला, दुकानातूनच, "बरोबर बोलतायत ते!" आणि त्या दिवशी पप्पांच्या दुकानात तुफान गर्दी. फुकट पार्किंग मिळालंच आहे तर सीट पण करून घेऊ, असं. रात्री पप्पा पहिल्यांदा माझ्याशी डायरेक्ट बोलले. "छान चाललाय तुमचा प्रयोग. असाच चालू ठेवा."

तिसरा बोर्ड साहेबांनी म्हणे घरी बायकोला वाचायला दिला, मग आईला दिला, आणि मग लावला. 'येथे गाडी चालवू नये.' आता यात कोण काय काढणार? मी पण निर्धास्त. पहिले काही तास रस्ता इतका सुंदर रिकामा होता की एक आजोबा मधोमध उभे राहून नुसते इकडेतिकडे बघत होते. मी पाणीपुरी घेतली. तोंडात पुरी असतानाच एक माणूस स्कूटर ढकलत माझ्या समोरून गेला, सरळ पप्पांच्या दुकानात.

तोंड भरलेलं असल्यामुळे शिट्टी वाजेना. मी धावत गेले तर पप्पा दारातच, हाताची घडी घालून.

"पप्पा, गाडी आत आणायची नाहीये."

"असं कुठे लिहिलंय? चालवू नये असं लिहिलंय. हे चालवतायत का?" ते गिऱ्हाईकाकडे वळले. "साहेब, तुम्ही चालवताय का?"

"नाही बुवा. मी ढकलतोय."

"घाम बघ त्यांचा."

मी हेल्मेटवाल्या साहेबांना बोलावून आणलं. त्यांनी बोर्ड परत वाचला, पुटपुटत वाचला, आणि म्हणाले, "टेक्निकली... बरोबर आहे. ढकलणारा माणूस चालतच असतो." पप्पांनी त्यांना चहा पाजला. मला नाही.

मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. रस्ता पण मोकळा, दुकान पण चालू. हे समाधान तीन-चार दिवस टिकलं. कारण ढकललं तर चालतं ही गोष्ट आमच्या वसईत पसरायला वेळ लागत नाही. हळूहळू सगळेच ढकलायला लागले. नाक्यापर्यंत भुर्रकन यायचे, इंजिन बंद करायचे, चेहरा दमल्यासारखा करायचे आणि गाडीच्या बाजूने चालायचे. एक जोडपं राजोडीला चाललेलं, तर मुलगा बाईक ढकलतोय आणि मुलगी वर बसून कणीस खातेय. मी अडवलं तर ती म्हणाली, "मैं सामान हूँ." मुलगा नुसता धापा टाकत होता. आणि कोबीचा टेम्पो! चार माणसं मागून ढकलतायत आणि ड्रायव्हर आरामात आत बसलेला. मी शिट्टी फुंकली.

"तुम्ही चालवताय!"

"नाय ताई. चालवत नाय. वळवतोय फक्त."

आधी गाड्या निदान पुढे तरी सरकायच्या. आता सगळ्या ढकलण्याच्या स्पीडने. रस्ता असा तुंबला की मासेवाल्या मावशीच्या पाटीतली मांदेली विकायच्या आधीच सुकट व्हायला आली. साहेबांच्या कपाळावरची शीर मला पहिल्यांदा दिसली. आणि मग चौथा बोर्ड आला. त्याच्यासोबत लोखंडी पाईप पण आले, रस्त्याच्या दोन्ही तोंडांना आडवे. बोर्डावर लिहिलं होतं, 'चालू किंवा बंद, कोणतीही गाडी कोणत्याही प्रकारे आत आणू नये.' गाड्यांसाठी नाक्याजवळचं एक मैदान ठरवून दिलं. संपलं. आता कोणाला काही वाचायचं राहिलंच नाही.

पप्पा त्या रात्री काहीच बोलले नाहीत. टोमणा नाही, शिट्टीवाल्या बाई नाही, काही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. टोमणा मारणारे पप्पा मला माहीत आहेत, गप्प बसणारे कोण हे मला माहीत नाही.

दोन दिवस दुकानात एक गिऱ्हाईक नाही. पप्पा फाट्याला जाऊन एक गाळा बघून आले. आईने विचारलं, "कसा आहे?" म्हणाले, "लाईट चांगली आहे." आई म्हणाली, "लाईट खाणार आहात का दुपारी?" त्यावर पण हसले नाहीत. मग दुकानात जाऊन रेक्झिनचे रोल एकावर एक बांधायला लागले. मी टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, मी नाही जात उद्यापासून.

आई म्हणाली, "तू टोपी घातलीस म्हणून गाड्या बंद नाही झाल्या, आणि काढलीस म्हणून चालू पण नाही होणार. घरात बसून दोघांची तोंडं बघायची माझी तयारी नाहीये. जा तू."

तर दुसऱ्या दिवशी मी पाईपाशी उभी, शिट्टी गळ्यात, मूड शून्य. आणि एक काकू आल्या. पांढरी स्कूटर, हँडलला पापलेटची पिशवी, आणि सीट म्हणजे विचारू नका. मांजराने नखं मारून मारून चिंध्या केलेल्या, आतला फोम बाहेर. काकू उतरल्या तर ड्रेस मागून ओला.

"सीट कव्हरवाला इथेच ना? आत जाऊ दे."

आता ते माझ्याच घरचं गिऱ्हाईक. माझ्या बापाचं. मी आजूबाजूला बघितलं. पाईप उचलणं सोपं होतं, बघायला पण कोणी नव्हतं, फक्त मासेवाली मावशी होती आणि ती माझ्याचकडे बघत होती.

"काकू, गाडी आत नाही नेता येणार. सॉरी."

"अगं, बघतेस ना ही सीट? पावसाचं पाणी मुरलंय आत. बसलं की वर येतं. ऑफिसात मला लोक काय विचारतात माहितीये?"

"तरी नाही येणार."

"मग काय करू? सीट काढून हातात धरून नेऊ?"

त्या चिडून बोलल्या होत्या. मी पण आधी चिडूनच ऐकलं. आणि मग माझ्या डोक्यात असा प्रकाश पडला की मी शिट्टीच वाजवली, उगाच, समोर कोणी नसताना. कारण सीटचं कव्हर बसवतात कसं? मी लहानपणापासून बघतेय. पप्पा पहिलं काम काय करतात, तर पाना घेऊन सीट काढतात. काढून मांडीवर घेतात, उलटी करतात, जुनं फाडतात, नवं ताणून खालून पिना मारतात. गाडी बिचारी बाहेर उभी असते, भादरलेल्या मेंढीसारखी. गाडीचं काम काय? काहीच नाही! पप्पांना गाडी कधी लागलीच नव्हती. आणि इतके दिवस आमच्या घरात गाडीवरून भांडण, गाडीवरून अबोला, गाडीवरून गाळा बघणं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. खुद्द पप्पांच्यासुद्धा!

मी धावत दुकानात गेले, पाना उचलला. पप्पा म्हणाले, "काय चोरतेस?" मी म्हटलं, "थांबा तुम्ही." मैदानात जाऊन काकूंची सीट काढली. मला दहा मिनिटं लागली, पप्पांना एक लागलं असतं. डिकी उघडी पडली म्हणून मी तिथे राखणीला, आणि काकू एका काखेत सीट, दुसऱ्या हातात पापलेट, अशा ताठ मानेने पाईपाच्या बाजूने आत. मासेवाली मावशी मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, गाडी कापून आनली का काय!"

पुढचं मी बघितलं नाही, काकूंनी नंतर सांगितलं. पप्पांनी सीटकडे बघितलं, मग त्यांच्या मागे गाडी शोधली, मग परत सीटकडे बघितलं.

"गाडी कुठाय?"

"मैदानात. तुम्हाला कशाला हवी?"

"म्हणजे काय? डॉक्टरकडे नुसतं पोट पाठवतात का, बाकीचा माणूस घरी ठेवून?"

असं म्हणाले, आणि म्हणता म्हणता सीट मांडीवर घेऊन उलटी करून जुनं कव्हर फाडायला पण लागले. हात आपले आपले चालले होते. मध्येच एकदम थांबले. काकू म्हणाल्या, "मला वाटलं यांना काही झालं की काय. पिनांची गन तशीच हातात, आणि स्वतःशीच म्हणाले, च्यायला."

त्या रविवारी आमच्या रस्त्यावर जे दिसलं ते जगात कुठे दिसत नसणार. लोक सीट घेऊन चालत येतायत. कोणी काखेत, कोणी खांद्यावर, एक आजी डोक्यावर चुंबळ करून. मैदानात बिनसीटच्या गाड्या रांगेत, सगळ्या टकल्या. पप्पांनी मैदानात सीट काढून द्यायला शेजारच्या दुकानातला एक माणूस ठेवला, कारण माझा वेग त्यांना सहन होईना. दोन काळ्या सीटची अदलाबदल झाली, एक काका भलतीच सीट घेऊन गेले आणि बसत नाही म्हणून पप्पांशीच भांडायला परत आले. मग पप्पा प्रत्येक सीटच्या पोटाला खडूने खूण करायला लागले. गाळेवाल्याचा फोन आला तर म्हणाले, "बघू. आता हात गुंतलेत."

आणखी एक झालं. पालिका बाकडी टाकणार होती, ती काही आली नव्हती. चालून दमलेली माणसं आमच्या दुकानासमोर रांगेत ठेवलेल्या सीटवर बसायला लागली. मासेवाली मावशी तर दुपारी पाटी झाकून येते आणि तयार झालेली प्रत्येक सीट बसून तपासते. "ही जरा कडक हाय. हिच्यान अजून फोम टाक." गिऱ्हाईक तिचंच ऐकतात, पप्पांचं नाही.

प्रयोगाच्या शेवटी हेल्मेटवाले साहेब दुकानदारांचं मत विचारत आले. पप्पांचा विरोध आधीपासून जाहीर होता, म्हणून जरा घाबरतच आले आणि पायात गोळे आल्यामुळे समोरच्या सीटवर बसले.

"काका, तुमचं काय मत? परत गाड्या सुरू करायच्या का?"

मी खांबामागे.

"माझा विरोध आहे," पप्पा म्हणाले.

"ते माहितीये मला..."

"गाड्या सोडायला विरोध आहे. सोडल्यात तर ही एवढी माणसं बसणार कुठे? तुम्ही कुठे बसणार?"

साहेबांनी खाली बघितलं, आपण कशावर बसलोय ते बघितलं, आणि बसल्याबसल्या जरा सरकून नीट बसले.

रस्ता राहिला, दुकान पण राहिलं, आणि आई अजून गॅलरीतून ओरडते. फक्त एक नवीनच लफडं सुरू झालंय. गाडीवरून जाणारे लोक दुकानाचा बोर्ड कधी वाचत नव्हते. चालणारे वाचतात. आणि आमच्या बोर्डावर, पालिकेच्या चारही बोर्डांना हसणाऱ्या माझ्या पप्पांच्या बोर्डावर, हे मोठ्ठ्या लाल अक्षरात लिहिलंय, 'शीट कव्हर'. माझ्या जन्माच्या आधीपासून. आम्ही कोणी बघितलंच नव्हतं. आता येणारा जाणारा थांबतो. कॉलेजच्या पोरी फोटो काढतात आणि खी खी करतात. मास्तर टाईपचे लोक आत येऊन समजावतात, "अहो, शीट नव्हे, सीट. स चा सी."

आई म्हणाली, "रंगवून घ्या बाई तेवढं एक अक्षर. लाज वाटते मला."

पप्पा मान वर न करता पिना मारत होते. "काही नको."

"का?"

"चूक सांगायला थांबतात ना? थांबले की बसतात. बसले की फोम आवडतो."

एवढ्यात दारात कोणीतरी घसा साफ केला. खिशाला पेन. "माफ करा हं, तुमच्या बोर्डावर..."

"या या," पप्पा म्हणाले, "बसून सांगा."